फाइली आहेत गं, पण मशीनचं काय?

अगं, दिवाळी अंकाची पानं लावायला घेण्याआधीच हे सांगते. एकदा करेक्शनं सुरू झाली की तू कुणाचं ऐकत नाहीस.

दर शनिवारी फाइली पेन ड्राइव्हवर घेतेस, ते छानच. पण तुझं काम नुसत्या फाइलींत नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची. श्री-लिपीचे जुने फाँट युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे. ते मशीनवर नसले तर तुझंच पान उघडेल आणि ‘संपादकीय’च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं दिसतील. हार्ड डिस्क उडाली तर विंडोज, पेजमेकर, फाँट, कीबोर्डची मांडणी, प्रिंटरचा ड्रायव्हर, सगळं पहिल्यापासून. ऐन ऑक्टोबरात त्या जुन्या सीड्या कुठे शोधशील?

म्हणून अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढ. क्लोनझिला फुकट मिळतं. पेन ड्राइव्हवर टाकायचं, मशीन त्यावरूनच सुरू करायचं आणि इमेज बाहेरच्या डिस्कवर ठेवायची. माउस लागतोच म्हणशील तर रेस्क्यूझिला घे. सहसा भरलेला भागच उचलला जातो, त्यामुळे ५०० जीबीच्या डिस्कला तेवढीच जागा लागेल असं नाही. उतरवताना मात्र नवी डिस्क मूळ डिस्कपेक्षा लहान नको. पुष्कळजण स्वस्तातली २४० जीबीची एसएसडी आणतात आणि तिथेच अडतात.

खरी भीती एकाच ठिकाणी आहे: कुठून उचलायचं आणि कुठे उतरवायचं, हे विचारतात तिथे. डिस्कचं नाव आणि आकार मोठ्याने वाच, मगच एंटर दाब. उलटं झालं तर सगळं काम पुसलं जाईल.

आणि इमेज निघाली म्हणून निर्धास्त होऊ नकोस. लॅमिंग्टन रोडवरून तेवढ्याच आकाराची डिस्क आण, मूळ डिस्क काढून ठेव, नवीवर इमेज उतरव आणि गेल्या वर्षीच्या अंकाचं एक पान उघडून बघ. वेलांट्या, रफार, जोडाक्षरं जागच्या जागी दिसली तरच ती इमेज खरी. हे त्याच मशीनवर कर. दुसऱ्या बोर्डावर विंडोज रुसू शकतं. फाँटला हार्डवेअर लॉक असेल तर तो जपून ठेव, तो काही इमेजमध्ये येत नाही.

एक डिस्क घराबाहेर हवीच. तुझी खोली तळमजल्यावर. २६ जुलै २००५ ला शेजारच्या सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. टेबलाखालचा सीपीयू आणि त्याच टेबलाच्या खणातली बॅकअपची डिस्क एकदमच पाण्यात जातील. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे ठेव, नाहीतर माझ्याकडे दे. घरातलीसुद्धा काम झाल्यावर यूएसबीतून काढून ठेव. व्हायरस शिरला तर जोडलेली डिस्कही सोडत नाही.

रविवारी सकाळी येते मी. तोवर दोन डिस्का आणून ठेव आणि मशीनवर काय काय बसवलंय ते वहीत उतरवून काढ, फाँटच्या नावांसकट.