अहमदीच्या उन्हात वाढदिवसाचा केक

कुवेतमधील अहमदी हे तेलकंपनीने वसवलेले गाव. उन्हाळ्यात तेथे पारा ४५ अंशांपलीकडे जातो. लोणी तर ३५ अंशांच्या आसपासच पाघळते. मग लोण्याचे आयसिंग घसरून मुलाचे नाव मेणबत्त्या लावण्याआधीच पुसले जाते. अशा ठिकाणच्या भगिनींसाठी आम्ही हा पाठ देत आहोत.

दीड कप मैदा, कप साखर, तीन मोठे चमचे कोको, लहान चमचा सोडा व चिमूट मीठ एकत्र करावे. पाच मोठे चमचे तेल, एक चमचा व्हिनेगर, कप पाणी घालून लगेच १८० अंशांवर अर्धा तास भाजावे. उशीर केल्यास सोड्याचा वायू निघून जातो व केक बसतो. पूर्ण निवल्यावरच आडवा कापावा. पिठीसाखर, कोको व नारळाचे घट्ट दूध कालवून थरांमध्ये व वर लावावे. दूध-लोणी नसल्याने मटणाच्या जेवणानंतरही चालतो.