रीत लिहा, मग उत्तर लिहा

भातकुलीच्या रात्रीच्या वर्गात एका भावाने मला विचारले, "गुरुजी, उत्तर बराबर आलं तं झालं. रीत कायले लिवा लागते?"

प्रश्न चांगला आहे. पाच आणि सात किती, याला रीत नको. ते तोंडी करावे. आपले आजे-पणजे पावकी-निमकी पाठ करून तोंडीच हिशेब करीत. पण हिशेब लांब असला, त्यात दोन माणसांचा पैसा असला, की रीत लिहावी. का, ते पाहा.

आपल्याच वर्गातल्या एका बाईंनी कापूस विकला. भाव क्विंटलला ७,००० रुपये. पट्टीवर एकच रक्कम होती : ४९,२८० रुपये. बाईंना ती कमी वाटली. पण कुठे कमी, हे सांगता येईना. मग आम्ही पाटीवर रीत मांडली.

भरलेली गाडी : ११ क्विंटल २० किलो
रिकामी गाडी : ३ क्विंटल ८० किलो
वजा करून कापूस : ७ क्विंटल ४० किलो
७ क्विंटलचे : ४९,००० रुपये
१०० किलोचे ७,००० रुपये, म्हणून १ किलोचे ७० रुपये
४० किलोचे : २,८०० रुपये
एकूण : ५१,८०० रुपये

फरक २,५२० रुपयांचा! चूकही सापडली. ७.४० च्या जागी ७.०४ लिहिले गेले होते. म्हणजे ४० किलोचे ४ किलोच झाले. बाई तो कागद घेऊन गेल्या. चुकलेल्या पायरीवर बोट ठेवले. समोरच्यानेही ते मान्य केले आणि राहिलेले पैसे दिले. नुसते "पैसे कमी आहेत" म्हटले असते, तर भांडणच झाले असते.

शाळेतही असेच आहे. दहावीच्या गणितात पायऱ्यांना गुण असतात. शेवटी उत्तर चुकले, तरी बरोबर पायऱ्यांचे गुण मिळतात. म्हणून मुलांची वही पाहताना "हे कसं काढलं, सांग पाहू" असे विचारा.

नाशिकजवळ देवळालीला द. रा. कापरेकर नावाचे शिक्षक होते. त्यांना एक गंमत सापडली. चार अंक घ्या. सगळे सारखे नकोत. त्यांची मोठ्यात मोठी संख्या करा. तिच्यातून लहानात लहान वजा करा. आलेल्या अंकांचे पुन्हा तसेच करा.

४३२१ − १२३४ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

कोणतेही अंक घ्या, शेवटी ६१७४ च येते. ही गंमत पायऱ्या लिहिल्या म्हणूनच दिसते.

आता तुम्ही करा : कापूस ५ क्विंटल ३० किलो. भाव ७,००० रुपये. किती रुपये मिळतील? रीत लिहा. शेजाऱ्याला वाचून दाखवा.