दृष्टीआड सृष्टी आणि धंद्याचा कारभार
गोंदियाच्या बिडी व तेंदूपत्ता व्यवसायातून घेण्यासारखे सहा धडे

सारा धंदा एकाच छपराखाली चालत असे, तो काळ मागे पडला. समजा, गोंदियाच्या एका तांदूळ व्यापाऱ्याचा एक माणूस गिरणीवर आहे, दुसरा रायपूरला वसुली पाहतो, तिसरा नागपुरात हिशेब लिहितो आणि घरातलाच एक भाऊ दुबईत राहून गिऱ्हाईक शोधतो. चौघांची महिनोन्महिने गाठभेट नाही, सगळा कारभार मोबाईलवर. मोठ्या कंपन्या अशा मंडळींना 'व्हर्च्युअल टीम' म्हणतात. नाव नवे असले तरी त्यामागचा प्रश्न जुना आहे. जो माणूस डोळ्यांसमोर नाही, ज्याची बोली वेगळी, सणवार वेगळे, त्याच्याकडून चोख काम कसे घ्यावे आणि त्याचा विश्वास कसा राखावा?

आमच्या मते या प्रश्नाचा अभ्यास करायला गोंदियाइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही. येथील बिडीचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या नजरेआड काम करणाऱ्या माणसांवरच उभा राहिला. प्रारंभीच एक खुलासा करतो. बिडी आरोग्याला घातक आहे आणि या लेखात तिची भलामण करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. आपल्याला पाहायची आहे ती फक्त कामाची पद्धत. तिच्यातले घेण्याजोगे आणि टाकण्याजोगेही.

विखुरलेला कारखाना

१८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळानंतर गुजरातमधून काही घराणी मध्य प्रांतात आली आणि जबलपूरच्या बाजूला बिडीचा धंदा वाढू लागला. जंगलात तेंदूचे पान होते, मुंबई-हावडा रेल्वेमार्ग होता आणि शेतीचे काम नसताना रिकामे राहणारे हात होते. गोंदिया या धंद्याचे एक मोठे केंद्र बनले. शिक्षणकार्यामुळे या भागात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते ते मनोहरभाई पटेल याच व्यवसायातले.

या धंद्याची रचना पाहा. पान गोंदिया-गडचिरोलीच्या आणि शेजारच्या राज्यांच्या जंगलातून येते. तंबाखू निपाणीहून किंवा गुजरातच्या चरोतर भागातून येते. मालक शहरात, सट्टेदार मोठ्या गावात आणि बिडी वळणारी बाई आपल्या घराच्या ओसरीवर. तिला पान, तंबाखू आणि सूत मोजून मिळते, वळलेल्या बिड्या ती सट्टेदाराकडे जमा करते आणि मजुरी दर हजारी ठरलेली असते. भाजणे, लेबल लावणे, बांधणे ही कामे मात्र कारखान्यात होतात. मालकाने आपल्या बहुतेक कामगारांना कधी पाहिलेले नसते. भाषेचे म्हणाल तर हिशेब गुजराती किंवा हिंदीत, सरकारी कागद मराठीत, आणि घरात कुठे झाडीबोली, कुठे पोवारी, कुठे गोंडी, तर कुठे छत्तीसगढी. आता यातून काय शिकायचे ते क्रमाने पाहू.

धडा पहिला : शब्द एक असला तरी माप एक नसते

तेंदूपानांचा पुडा ही साधी गोष्ट वाटते. पण महाराष्ट्रात पुडा धरतात ७० पानांचा आणि छत्तीसगड व मध्य प्रदेशात ५० पानांचा. ओडिशात त्याला 'केरी' म्हणतात आणि तिच्यात पाने २०. हजार पुड्यांचा एक मानक बोरा. म्हणजे देवरीच्या माणसाने 'एक बोरा' म्हटले तर ७०,००० पाने आणि सीमेपलीकडच्या माणसाने तोच शब्द उच्चारला तर ५०,००० पाने. दोघेही खरे बोलत आहेत आणि तरीही सौद्यात २०,००० पानांचा फरक आहे! समोरासमोर असते तर पुडा सोडून मोजला असता. फोनवर मात्र दोघे एकमेकांना लबाड ठरवतील.

दूरच्या माणसाशी होणाऱ्या भांडणांत अशा मापाच्या तंट्यांचा वाटा फार मोठा असतो. म्हणून 'माल लवकर पाठवा' असे कधी सांगू नये. 'गुरुवारी दुपारी बारापर्यंत गाडी सुटली पाहिजे' असे सांगावे. 'चांगला तांदूळ' म्हणू नये. तुकडा किती टक्के आणि ओल किती टक्के चालेल ते लिहून द्यावे.

धडा दुसरा : उपदेशापेक्षा नमुना बरा

बिडीचे पान कापताना कामगाराच्या हाताशी पत्र्याचा एक छोटा तुकडा असतो. तो पानावर ठेवायचा आणि कात्रीने त्या मापाने कापायचे. या पत्र्याला भाषा लागत नाही. गोंडी बोलणारी बाई असो की छत्तीसगढी, पान एकाच आकाराचे निघते. मालकाला जे हजार वेळा समजावून सांगता आले नसते, ते पत्र्याचा तुकडा सांगतो.

तुमच्या धंद्याचा असा 'पत्रा' कोणता, याचा विचार करा. बिलाचा भरलेला नमुना, पसंत केलेल्या मालाची पिशवी, बरोबर लावलेल्या थप्पीचा फोटो, यांपैकी काहीही चालेल. नवा माणूस दूरच्या गावी नेमताना त्याला नमुना द्या आणि पहिले काम नमुन्याशी ताडून त्याला दाखवा.

धडा तिसरा : नाकारण्याचा नियम आधी सांगा

येथे या धंद्याची दुखरी नस आहे. वळून आणलेल्या बिड्यांतून सट्टेदार काही बिड्या खराब म्हणून बाजूला काढतो. तिला 'छाट' म्हणतात. छाट किती काढायची, ती कोणी ठरवायची, काढलेली बिडी कोणाची, या गोष्टी मोघम राहिल्या की अन्यायाला दार उघडे झाले. पान मुळातच खराब किंवा कमी मिळाले आणि दंड मात्र वळणाऱ्या बाईला, छाटलेल्या बिडीची मजुरीही नाही आणि बिडी परतही नाही, अशा कामगारांच्या तक्रारी असत. दिवसभर मान मोडून काम करणाऱ्या बाईच्या घरी त्या दिवशी किती पीठ येणार हे या छाटीवर ठरत असे.

अखेर संसदेने १९६६ साली बिडी व सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. घरी बसून काम करणाराही कामगारच आहे हे त्या कायद्याने मान्य केले. कच्चा माल किती दिला आणि बिडी का नाकारली यावरचे तंटे कोणी सोडवायचे याचीही तरतूद त्यात होती. हा कायदा आता नव्या श्रमसंहितांत सामावला गेला आहे, परंतु त्यामागचे तत्त्व कोणत्याही धंद्याला लागू आहे. काम नाकारण्याचे कारण काम देण्याआधी सांगितलेले असावे. नाकारलेला माल करणाऱ्याला दाखवावा. आणि चूक कच्च्या मालाची असेल तर तिचा भार कारागिरावर टाकू नये. लांबच्या माणसाला आपली बाजू मांडायला समोर येता येत नाही. त्याची पगारकपात एका फोनवर होते, म्हणून तिथे न्यायाची काळजी दुप्पट घ्यायला हवी.

धडा चौथा : एक व्यवहार, दोन वह्या

पान, तंबाखू किती दिली, बिड्या किती आल्या, छाट किती, मजुरी किती, या नोंदी सट्टेदाराच्या वहीत होतात तशाच कामगाराजवळच्या वहीतही व्हायला हव्यात. ज्या ठिकाणी नोंद एकाच बाजूला राहते, तिथे दुसऱ्या बाजूला फक्त संशय उरतो. आज मोबाईलमुळे ही दुसरी वही ठेवणे सोपे झाले आहे. फोनवर ठरलेली गोष्ट त्याच दिवशी दोन ओळींत लिहून पाठवावी : काय ठरले, कोणी करायचे, कधीपर्यंत. समोरच्याकडून 'बरोबर आहे' असे उत्तर घ्यावे. ज्याला वाचता येत नाही त्याला आवाजात सांगावे आणि त्याच्याच तोंडून ते पुन्हा वदवून घ्यावे.

पुन्हा वदवून घेण्याचे कारण आहे. आपल्याकडे मोठ्या माणसाला 'नाही' म्हणणे उद्धटपणाचे समजतात. त्यामुळे 'हो जी' याचा अर्थ पुष्कळदा 'ऐकले' एवढाच असतो. 'समजले' किंवा 'जमेल' असा नसतो. 'समजले का?' असे विचारण्यापेक्षा 'यात अडचण कुठे येईल?' असे विचारावे. मग खरी माहिती बाहेर येते.

धडा पाचवा : मधला माणूस पूल असावा, भिंत नसावी

सट्टेदाराशिवाय हा धंदा चालला नसता. त्याला गाव माहीत, बोली माहीत, कोणाच्या घरी लग्न आणि कोणाच्या घरी दुखणे आहे तेही माहीत. पण मालकाला कामगाराचे सगळे सट्टेदाराच्याच तोंडून कळणार आणि कामगाराला मालकाचे सगळे त्याच्याच तोंडून, अशी स्थिती आली की तो पाहिजे ती बातमी पुढे नेतो आणि नको ती अडवतो. छाटीचे गैरप्रकार वाढले ते याच आडोशाने.

तुमच्याही दूरच्या शाखेवर असा एखादा विश्वासू माणूस असेल. त्याचा मान ठेवा, त्याच्या हाताखालच्यांसमोर त्याला बोलू नका. चारचौघांच्या मोबाईल-गटात तर कधीच रागावू नका. मात्र महिन्यातून एकदा खालच्या माणसाशी थेट बोला आणि वर्षातून एकदा तरी स्वतः जाऊन या. त्याची कल्पना मधल्या माणसाला आधीच देऊन ठेवा, म्हणजे ती चुगली ठरणार नाही.

गोंदिया आणि गडचिरोली जिल्ह्यांतील काही ग्रामसभांनी तर याहून पुढचे पाऊल टाकले. वनहक्क कायदा २००६ चा आधार घेऊन त्यांनी २०१३ पासून आपल्या जंगलातील तेंदूपत्ता स्वतः गोळा करून विकण्यास सुरुवात केली. पान तोडणाऱ्या गावालाच आपल्या मालाच्या सौद्यात बसता येते, हे त्यांनी दाखवून दिले. एकेकट्या गावापेक्षा अनेक गावे मिळून सौद्याला बसली तर व्यापाऱ्यापुढे वजन पडते. पण त्यासाठी गावागावांत माप, भाव आणि नोंदी एकसारख्या असाव्या लागतात. म्हणजे पहिला आणि चौथा धडा इथेही चुकत नाही.

धडा सहावा : दुसऱ्याचे पंचांग आपल्या भिंतीवर लावा

धानाची रोवणी सुरू झाली की या भागातील गावे बांधावर असतात. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. त्या दिवसांत काम मंदावणारच. १९४८ साली मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारने याचा उलटा उपाय काढला. शेतीला मजूर मिळावेत म्हणून हंगामात बिडीचे काम बंद ठेवता येईल असा कायदा केला आणि १९५० मध्ये सागर जिल्ह्यात तसा हुकूमही निघाला. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर १९५० रोजी तो रद्द ठरवला. म्हातारी, अपंग, शेतात काम करू न शकणारी माणसेही त्या बंदीत विनाकारण भरडली जात होती. सर्वांना एकाच दावणीला बांधणारा हुकूम शहाणपणाचा नसतो, हा त्यातला बोध.

हेच परमुलखातील माणसांबाबत. दुबईचे घड्याळ आपल्या मागे दीड तास आणि सौदी अरेबियाचे अडीच तास. सौदीत २०१३ पासून शुक्रवार-शनिवार सुटी असते. अमिरातीने २०२२ पासून शनिवार-रविवार सुटी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम असे केले. गोंदियाच्या दुकानाने सकाळी नऊला दुबईच्या भावाला फोन लावला तर तिथे साडेसात वाजलेले असतात. रमजानचे वेळापत्रक निराळे, नाताळचे निराळे. आपल्या प्रत्येक माणसाच्या सुट्या आणि कामाचे तास एका कागदावर लिहून भिंतीवर लावावेत. दोघांनाही सोयीची वेळ बोलण्यासाठी राखून ठेवावी, आणि अडचणीची वेळ येईलच तेव्हा ती दर वेळी एकाच्याच माथी मारू नये.

सारांश आणि स्वाध्याय

नजरेआडच्या माणसावर पाळत ठेवून फारसे साधत नाही. दिवसातून दहा फोन करणारा मालक स्वतःही थकतो आणि समोरच्यालाही खोटे बोलायला शिकवतो. माप ठरलेले, नमुना दिलेला, नकाराचा नियम सांगितलेला, नोंद दोन्हीकडे, पैसा ठरल्या दिवशी आणि दार थेट बोलायला उघडे, एवढे असले तर पाळतीची गरज फार थोडी उरते. ओसरीवर बसून बिडी वळणाऱ्या बाईने बहुतेक वेळा चोख मालच दिला. हिशेब बिघडला तो वरच्या पायऱ्यांवर, हे विसरू नये.

वाचकांनी या आठवड्यात एवढे करून पाहावे :

१. आपल्या धंद्यातले असे तीन शब्द लिहून काढा, ज्यांचा अर्थ दुसऱ्या गावच्या माणसाला वेगळा लागू शकेल. प्रत्येकापुढे आकड्यात माप लिहा.

२. गेल्या महिन्यात दूरच्या माणसाचे काम किंवा पैसा कुठे कापला ते पाहा. त्याचे कारण त्याला आधी ठाऊक होते काय?

३. ज्याच्याशी सहा महिन्यांत थेट बोलणे झाले नाही अशा एका माणसाला फोन करा. कामाचे काही सांगू नका. फक्त त्याची अडचण विचारा आणि ऐकून घ्या.