प्रश्न ठरवणाऱ्यांत आपली मुले हवीत

विदर्भातल्या आपल्या वस्त्यांना सिकलसेल म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. लहान मुलांची सुजलेली बोटे, हाडे फोडून काढणारे दुखणे, पुन्हा पुन्हा रक्त चढवणे हे अनेक घरांनी पाहिले आहे. आई आणि वडील दोघेही ‘ए.एस.’ म्हणजे वाहक असतील, तर प्रत्येक खेपेस मूल ‘एस.एस.’ म्हणजे रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्नाआधी दोघांच्या रक्ताची तपासणी करून घ्यावी. आज मात्र आपण याच आजाराशी जोडलेला दुसरा प्रश्न पाहू. अशा आजारांवर संशोधन करते कोण, आणि आपली मुले तिथवर कशी पोचतील?

सिकलसेल अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजातही आहे. शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी 1910 साली त्याची पहिली नोंद प्रसिद्ध केली. तो रुग्ण वेस्ट इंडीजमधून दंतवैद्यक शिकायला आलेला एक कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, हे 1949 मध्ये कळले. तरीही या आजारासाठी तिथल्या संसदेने खास कायदा केला तो 1972 मध्ये. आजार गरिबांचा असला की त्याची पाळी उशिरा येते.

त्याच 1972 साली आणखी एक गोष्ट उघड झाली. अलाबामा राज्यात टस्कीगी इथे सरकारी आरोग्य खात्याने 1932 पासून सुमारे 600 गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास चालवला होता. त्यातल्या 399 जणांना गरमी म्हणजे सिफिलिस होता. त्यांना खरा आजार सांगितला नाही आणि पेनिसिलीन निघाल्यावरही ते दिले नाही. उपचाराविना रोग कसा वाढतो, एवढेच पाहायचे होते. या कामावर एक कृष्णवर्णीय परिचारिकाही होती. पण अभ्यास काय करायचा, कसा करायचा, हे ठरवणे तिच्या हातात नव्हते. यातून आपण एक धडा घ्यावा. परिचारिका, लॅब टेक्निशियन ही मानाची कामे आहेतच, पण जिथे प्रश्न ठरतो त्या टेबलाशीही आपला माणूस हवा.

तो तिथे कसा पोचतो? मेरिलँड राज्यातील यू.एम.बी.सी. या विद्यापीठाने याचे उत्तर करून दाखवले. तिथे 1988 मध्ये मेयरहॉफ शिष्यवृत्ती योजना सुरू झाली. ती उभी करणारे गणितज्ञ फ्रीमन हरबॉव्स्की स्वतः कृष्णवर्णीय. 1963 च्या नागरी हक्क लढ्यात वयाच्या बाराव्या वर्षी ते तुरुंगात गेले होते. मुलांत हुशारी कमी नाही, एकटेपणा जास्त आहे, हे त्यांनी ओळखले. म्हणून मुलांना पैशाच्या मदतीबरोबर सोबतही दिली. कॉलेज सुरू होण्याआधी उन्हाळ्यात तयारीचे वर्ग, गटाने अभ्यास, पहिल्या वर्षांपासून प्रयोगशाळेत काम, पाठीशी एक अनुभवी मार्गदर्शक आणि घरच्यांशी सतत बोलणे. पायाच्या विषयात गुण कमी पडले, तर तो विषय पुन्हा घ्यायला सांगत. कसोटी सैल केली नाही, आधार वाढवला.

डॉ. किझमेकिया कॉर्बेट याच योजनेतून 2008 मध्ये पदवीधर झाल्या. पुढे मॉडर्नाची कोविड लस ज्या सरकारी संशोधनातून आली, त्यात त्या आघाडीवर होत्या.

आपल्या घरी काय करता येईल?

पहिले : ‘नीट’मध्ये नंबर लागला नाही म्हणजे विज्ञान संपले, असे मुलीला किंवा मुलाला म्हणू नका. बी.एस्सी. करून संशोधनाकडे जाता येते. पुण्याच्या ‘आयसर’सारख्या संस्थांची प्रवेश परीक्षा वेगळी असते आणि तिथे राखीव जागा आहेत.

दुसरे : चार-पाच मुलांचा गट करा. विहारात किंवा समाजमंदिरात रोज दोन तास बसू द्या. ज्याला जे येते, त्याने ते दुसऱ्याला शिकवावे.

तिसरे : देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून कॉलेजच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात दोन महिने प्रयोगशाळेत कामाची संधी देतात, विद्यावेतनही देतात. अर्ज उन्हाळ्याच्या बरेच आधी भरावा लागतो. विभागप्रमुखांना दिवाळीपूर्वीच विचारून ठेवावे.

चौथे : “अजून किती शिकणार?” हा प्रश्न घरात टोचतो, हे आम्ही जाणतो. पण एम.एस्सी.नंतर नेट परीक्षेतून जे.आर.एफ. मिळाली, तर पीएच.डी. करताना दरमहा 37,000 रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. म्हणजे ती कमाईच आहे. पुण्याच्या ‘बार्टी’कडूनही अनुसूचित जातीच्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती असते.

आपल्या गल्लीत अकरावी-बारावी सायन्सला कोण आहे, याची या रविवारी एक यादी करा. त्यातल्या एखाद्या मुलाने आजीच्या दुखण्याबद्दल किंवा धाकट्या भावाच्या रक्ताबद्दल “असे का होते?” म्हणून विचारले, तर त्याला गप्प बसवू नका. उत्तर आपल्याला येत नसेल, तर शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांकडे किंवा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे त्याला घेऊन जा.