कासवांसाठीं मोठा हौद

जीवशास्त्राच्या खोलींत शिरतांच उजव्या हातास जो सहा फूट लांबीचा कांचेचा हौद दिसतो, त्याविषयीं यंदाच्या स्नेहसंमेलनाच्या दिवशीं पालक मंडळींनीं आम्हांस इतके प्रश्न विचारले कीं, त्यांचीं उत्तरें एकदां सविस्तर लिहून काढावीं असें आम्हांस वाटलें. बहुतेकांच्या बोलण्याचा रोख एकच होता : एका कासवासाठीं एवढा खटाटोप कशाला? कांहीं पालकांच्या घरीं अशीं कासवें असून तीं परातींत किंवा वाटोळ्या कांचेच्या भांड्यांत ठेवलेलीं आहेत, असेंही बोलतां बोलतां समजलें. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठीं आहे.

प्रथम हौदाची हकीकत सांगतों. २०२२ सालच्या जून महिन्यांत सातवींतील एक विद्यार्थी आपल्या आईसह आमच्याकडे आला. त्यांच्याबरोबर एक कांचेचें भांडें होतें. भांड्यांत चार बोटें पाणी, मध्यें प्लॅस्टिकचें नारळाचें झाड, आणि झाडाला टेकून बसलेलीं दोन कासवें. चार वर्षांपूर्वीं दुकानांतून आणलीं तेव्हां प्रत्येक कासव दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित् मोठें होतें. "हीं एवढींच राहतात," असें दुकानदारानें सांगितलें होतें. आतां थोरलें पांच इंच भरत होतें, आणि भांड्यांत त्याला धड वळतांही येत नव्हतें. आई म्हणाल्या, "सर, आतां यांना गांवाबाहेरच्या तळ्यांत सोडून द्यावें असें घरीं ठरलें आहे. एकदां तुम्हांला विचारावें म्हणून आलों." मुलगा कांहीं बोलला नाहीं, तो भांडें धरून उभा होता.

तळ्यांत सोडूं नका, असें आम्हीं तत्काळ सांगितलें. त्याचें कारण असें. डोळ्यामागें तांबडा पट्टा असलेलें हें कासव आपल्याकडचें नव्हे. तें मूळचें अमेरिकेंतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यांतलें. चिवट आणि खादाड असल्यामुळें तें जेथें सुटतें तेथें स्थायिक होतें. उन्हांत बसण्याच्या जागा आणि अन्न यांसाठीं तेथील मूळच्या कासवांशीं झगडतें, आणि रोगही पसरवतें. जगांतील शंभर अत्यंत उपद्रवी परकीय जीवांची जी यादी निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें प्रसिद्ध केली आहे, तींत याचें नांव आहे. युरोपीय संघानें १९९७ सालीं याची आयात बंद केली. आपल्या देशांतही गुवाहाटीस एका देवळाच्या तळ्यांत तें सांपडल्याची नोंद आहे. तेव्हां दयेपोटीं सोडलेलें एक कासव दुसऱ्या अनेकांस जाचक होतें. उलट, आपल्या नदीतळ्यांतलें कासव घरीं आणणें हा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें गुन्हाच आहे, हेंही मुलांनीं येथेंच लक्षांत ठेवावें.

मग तीं कासवें शाळेंत राहिलीं, आणि हौदाचा प्रश्न उभा राहिला.

हौद किती मोठा असावा? पाळणाऱ्यांचा एक ढोबळ हिशेब आहे : पाठीच्या दर इंच लांबीमागें सुमारें ३८ लिटर पाणी. ही लांबी आजची धरावयाची नाहीं, पूर्ण वाढ झाल्यावरची धरावयाची, हें महत्त्वाचें. नर लहान राहतो. त्याच्या पुढच्या पायांचीं नखें लांब असतात, त्यावरून तो ओळखतां येतो. मादी मात्र दहा ते बारा इंचांपर्यंत वाढते. आमचें थोरलें कासव मादी निघालें. बारा इंच धरले तर ४५६ लिटर पाणी झालें. म्हणून आम्हीं सहा फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच असा हौद करविला आणि त्यांत अठरा इंच पाणी ठेवण्याचें ठरविलें. त्याचे अठरा घनफूट, म्हणजे सुमारें ५१० लिटर होतात. वरचे सहा इंच रिकामे ठेवले, कारण कासव चढण्यांत पटाईत असतें.

येथें आठवीच्या वर्गानें गणिताचा एक तास आनंदानें खर्च केला. ५१० लिटर पाण्याचें वजन ५१० किलो. बारा मिलिमीटर जाडीच्या कांचेचें सव्वाशे किलोच्या आसपास. शिवाय दगड व लोखंडी घडवंची. म्हणजे खोलीच्या एका कोपऱ्यांत दहाबारा माणसें अहोरात्र उभीं केल्यासारखेंच झालें! म्हणून हौद तळमजल्यावर ठेवला. घरीं वरच्या मजल्यावर असा हौद ठेवावयाचा असेल, तर आधीं बांधकामाच्या जाणत्यास विचारावें. पुढच्या मोठ्या कांचेवर एकंदर भार किती, हेंही मुलांनीं काढलें. अठरा इंच पाण्यास तो सुमारें १९० किलो येतो, आणि हौद कांठोकांठ चोवीस इंच भरला तर ३४० किलो. पाणी एकतृतीयांशानें वाढलें, पण भार पाऊणपटीहून अधिक वाढला. कारण पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. हौद कितीही लांब केला तरी तळाशीं दाब तोच. खोल केला कीं कांच जाड हवी. घडवंची पाणसळ लावून अगदीं समपातळींत बसवावी. एक पाय जरी उंचसखल राहिला तरी कांचेला पीळ पडून ती तडकते.

कासवाला पाणी उथळ असावें, ही समजूत चुकीची आहे. उथळ पाण्यांत उलटें झालेलें कासव पुष्कळदां सुलटें होऊं शकत नाहीं. त्याला पोहावयास खोल पाणी हवें. मात्र तें फुप्फुसांनीं श्वास घेतें. म्हणून दगडांमध्यें तें अडकून बसेल अशी सांपट ठेवूं नये, नाहीं तर तें बुडून मरतें. तळाशीं बारीक खडीही नको, कारण तीं ती गिळतात.

आतां पाणी स्वच्छ राखण्याविषयीं. कासव माशांच्या मानानें फार घाण करतें. त्याच्या विष्ठेपासून व उरलेल्या अन्नापासून अमोनिया होतो आणि तो विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजावर वाढणारे सूक्ष्म जंतु त्या अमोनियाचें प्रथम नायट्राइट व मग त्या मानानें निरुपद्रवी असें नायट्रेट करतात. हे जंतु बाजारच्या स्पंजावर आयते नसतात. त्यांची वसाहत नीट बसावयास चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर पाणी वारंवार बदलावें लागतें. नायट्रेट काढून टाकण्यासाठीं पुढेंही दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी आम्ही सायफननें काढून ताजें भरतों. नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतो, म्हणून तें आदल्या दिवशींच पिंपांत उघडें ठेवतों. फिल्टर घेतांना खोक्यावर जितक्या लिटरांचा आंकडा असेल, त्याच्या निम्म्याच पाण्यास तो पुरेल असें धरून चालावें.

या बाबतींत आमच्या हातून झालेली एक चूक सांगितलीच पाहिजे. हौद सुरू होऊन दोन महिने झाले असतां, एका शनिवारीं आम्हीं मोठ्या हौसेनें फिल्टरचे सगळे स्पंज नळाखालीं धरून पांढरेशुभ्र होईपर्यंत धुतले. सोमवारीं येऊन पाहतों तों पाणी दुधासारखें गढूळ, आणि खोलींत उग्र दर्प! स्वच्छतेच्या भरांत आम्हीं त्या जंतूंचीच वाट लावली होती. आतां स्पंज हौदांतल्याच काढलेल्या पाण्यांत, एका वेळीं एकच, नुसता पिळून घेतों. वीज कित्येक तास गेली तरी हे जंतु मरूं लागतात, म्हणून पंपाला बॅटरीची जोड दिली आहे. विजेची सर्व उपकरणें गळती होतांच प्रवाह तोडणाऱ्या आरसीसीबी स्विचावर घेतलीं आहेत. पाणी आणि वीज जेथें एकत्र येतात तेथें ही काटकसर करूं नये.

आतां धाकट्या कासवाविषयीं. तें आलें तेव्हांच त्याची पाठ बोटानें दाबली असतां दबत असे. कासवाच्या कवचाला चुना, म्हणजे कॅल्शियम, लागतें. तें अंगीं लागण्यास जीवनसत्त्व ड लागतें. आणि तें जीवनसत्त्व तयार होण्यास सूर्यप्रकाशांतील अतिनील किरणांचा एक विशिष्ट भाग लागतो. त्याची तरंगलांबी २९० ते ३२० नॅनोमीटर असते. पशुवैद्यांनीं औषध दिलें, आम्हीं दिवा आणला, पण उशीर झाला होता. सप्टेंबरच्या अखेरीस तें गेलें. त्या दिवशीं मुलानें आम्हांस विचारलें, "सर, पण आई भांडें रोज उन्हांत, खिडकींतच ठेवायची ना?" तें खरें होतें. चार वर्षें त्या माउलीनें एक दिवसही चुकविला नव्हता. पण खिडकी बंद असे, मांजराच्या भीतीनें. आणि साध्या कांचेंतून ऊब येते, उजेड येतो, हे किरण मात्र जवळजवळ येत नाहींत. ही गोष्ट दुकानांत कोणीं सांगितली नाहीं, आणि तोंवर आमच्याही पाठांत कधीं आली नव्हती. घरीं कासव असणाऱ्यांनीं हा परिच्छेद पुन्हां एकदां वाचावा.

हौदाच्या एका टोकास पाण्याबाहेर शहाबादी फरशीचा जो तुकडा दिसतो, तो यासाठींच आहे. तो कांचेच्या पट्ट्यांवर सिलिकॉननें पक्का बसविला आहे, आणि पाण्यांतून चढावयास उतार केला आहे. त्यावर दोन दिवे आहेत. एक उष्णतेचा, त्याखालीं तीस ते पस्तीस अंश राहतात. दुसरा अतिनील किरणांचा. त्याखालीं कांच किंवा प्लॅस्टिक आड येऊं द्यावयाचें नाहीं, आणि तो डोळ्यांना जळतांना दिसला तरी त्याचे हे किरण महिनोगणती क्षीण होत जातात, म्हणून आम्ही तो वर्षांतून एकदां बदलतोंच. दिवे दहाबारा तास लावतों, रात्रीं बंद. पाणी चोवीस ते सव्वीस अंश असावें. डिसेंबरांत तापक लागतो. मे महिन्यांत उलट हौदावर सावली धरावी लागते.

खाण्यासाठीं पिलांना मांसाहार अधिक लागतो, मोठेपणीं वनस्पती अधिक. नुसती सुकी कोळंबी देऊन भागत नाहीं. कासवांच्या गोळ्या, किसलेलें गाजर, तांबडा भोपळा, लेट्यूसचीं पानें असें आम्ही देतों. पालक देत नाहीं. त्यांतील ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला अडवून धरतें.

पालकांसाठीं आणखी एक सूचना. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जंतु असतात. लहान मुलें इवलीं कासवें तोंडांत घालीत व आजारी पडत, म्हणून अमेरिकेंत चार इंचांहून लहान कासवें विकण्यास १९७५ सालीं बंदी झाली. हौदांत हात घातल्यावर साबणानें हात धुवावे, आणि हौदाचें पाणी स्वयंपाकघराच्या मोरींत ओतूं नये. पांच वर्षांखालील मुलांनीं कासव हाताळूंच नये हें बरें.

हौद, घडवंची, दिवे व फिल्टर मिळून जो खर्च झाला, त्यांत भांड्यासह कासवें शेंकड्यानें आलीं असतीं. आणि हें कासव वीस-तीस वर्षें सहज जगतें. आज जीं मुलें पांचवींत आहेत तीं आपल्या मुलांना घेऊन शाळेंत येतील, तेव्हांही तें याच फरशीवर पाय पसरून बसलेलें असूं शकेल. म्हणून नवीं कासवें विकत आणा असें आम्ही कोणासही सांगत नाहीं. ज्यांच्या घरीं आधींच आहे त्यांनीं खिडकी उघडण्यापासून आरंभ करावा. मग भांडें बदलावें.

तो विद्यार्थी आतां दहावींत आहे. साडेतीन वर्षें त्यानें हौदाची वही लिहिली : तारीख, पाण्याचें तापमान, काय खाल्लें, केव्हां कात टाकली. थोरल्याची पाठ आतां साडेनऊ इंच आहे, अशी त्याची शेवटची नोंद आहे. वही त्यानें सहावींतील दोघींच्या स्वाधीन केली. मे महिन्याच्या सुटींतील पाळ्यांचा तक्ता खोलीच्या दारावर लावला आहे. तिसऱ्या आठवड्यासाठीं अद्याप कोणीं नांव दिलेलें नाहीं.