३७.३३ सेकंद : मुरलीकांत पेटकर यांचे पोहणे



आपल्या थेरगावाला लागूनच पवना वाहते. त्यामुळे पोहणे म्हणजे काय ते तुम्हाला निराळे सांगायला नको. पण पोहण्यात जोर नेमका कशाचा लागतो? परवा मी सातवीच्या वर्गात हे विचारले, तर निम्म्याहून जास्त हात वर झाले आणि उत्तर आले, "पायांचा!" उत्तर बरोबर की चूक, ते एका माणसाच्या गोष्टीवरून पाहू.

मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरकडचे. ते सैन्यात भरती झाले. तिथे ते मुष्टियुद्ध खेळत, म्हणजे बॉक्सिंग. १९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झाले. त्यात त्यांना गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्याशी अडकून राहिली आणि कमरेखालचे बळ गेले. मुष्टियुद्ध कायमचे सुटले.

इस्पितळात उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवले. आता पाण्यातच का बरे? घरी एक प्रयोग करून बघा. बादलीभर पाण्यात भरलेला तांब्या बुडवा आणि पाण्यातच वर-खाली करा. किती हलका लागतो! तोच तांब्या पाण्याबाहेर काढला की हाताला जड लागतो. पाणी प्रत्येक वस्तूला खालून वर ढकलते, म्हणून असे होते. माणसाचेही तसेच. जमिनीवर जे पाय शरीराचा भार पेलत नाहीत, त्यांच्यावर पाण्यात तो भार पडतच नाही.

उपचार चालू असता त्या पाण्याचाच खेळ झाला. १९६८ साली ते तेल अवीव येथील पॅरालिंपिकला गेले. पॅरालिंपिक म्हणजे अपंग खेळाडूंची जागतिक स्पर्धा. तिथे ते टेबल टेनिस खेळले. पुढची स्पर्धा १९७२ च्या ऑगस्टमध्ये पश्चिम जर्मनीत हायडेलबर्गला झाली. तिथे ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्याच्या शर्यतीत, आपल्या गटात, पेटकरांनी सुवर्णपदक मिळवले. वेळ होती ३७.३३ सेकंद. तो त्या गटातला जागतिक विक्रम ठरला. पॅरालिंपिकमध्ये भारताला मिळालेले ते पहिले सुवर्णपदक. ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या खेळात भारताला सुवर्ण मिळाले ते अभिनव बिंद्रा यांच्याकडून, २००८ साली. म्हणजे त्याच्याही ३६ वर्षे आधी!

आता पाटी घ्या आणि हिशेब करा. ५० भागिले ३७.३३. उत्तर येते साधारण १.३४. म्हणजे एका सेकंदाला १.३४ मीटर. तासाचा हिशेब केला तर जवळजवळ ४.८ किलोमीटर. हा वेग कशाचा आहे, ठाऊक आहे? धडधाकट माणूस रस्त्याने झपाझप चालतो, त्याचा! ज्यांचे पाय जमिनीवर साथ देत नव्हते, ते पाण्यातून चालणाऱ्या माणसाच्या वेगाने गेले, आणि तेही नुसत्या हातांच्या बळावर.

हे जमले कसे? फ्रीस्टाइलमध्ये पुढे नेणारा बराचसा जोर हातांचाच असतो. पाय शरीर आडवे ठेवायला मदत करतात आणि थोडी भर घालतात. पाय हलले नाहीत तर ते खाली जातात, पाणी अडवतात. म्हणून अशा पोहणाऱ्याला हातांनी दुप्पट काम करावे लागते. तर मुलांनो, तुमचे "पायांचा" हे उत्तर अर्धेच बरोबर.

पुढे पेटकरांनी टेल्को कंपनीत नोकरी केली. टेल्को म्हणजे आजची टाटा मोटर्स, आपल्या पिंपरी-चिंचवडमधलीच. सरकारने त्यांना २०१८ साली पद्मश्री दिली आणि जानेवारी २०२५ मध्ये जीवनभराच्या कामगिरीचा अर्जुन पुरस्कार. पदकानंतर बावन्न वर्षांनी! कौतुक उशिरा आले, पण त्यासाठी पोहणे काही थांबले नव्हते.

त्यांच्यामागून आणखी माणसे आली. अमरावतीच्या कांचनमाला पांडे यांना दिसत नाही. त्यांनी २०१७ साली मेक्सिकोत जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत सुवर्ण मिळवले. करमाळा तालुक्यातील सुयश जाधव यांचे दोन्ही हात लहानपणी विजेच्या धक्क्याने गेले. त्यांनी २०१८ साली जकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्ण आणले. बघा, एकाचे पाय साथ देत नाहीत, एकीला दिसत नाही, एकाला हात नाहीत. पोहले मात्र तिघेही.

म्हणून एक सांगायचे आहे. खेळाच्या तासाला कुबडी घेऊन येणाऱ्या किंवा कमी दिसणाऱ्या मुलाला दप्तरे राखायला बसवायचे, अशी पुष्कळ ठिकाणी रीत आहे. ती दयेपोटीच असते. पण त्या मुलाला काय येते, हे कुणी विचारतच नाही. तुम्ही विचारा. त्याला जमेल असा नियम करा आणि खेळात घ्या.

आणि हो, पोहायला शिकायचेच, पण शिकवणाऱ्या मोठ्या माणसाबरोबर. एकट्याने पवनेत उतरायचे नाही.

सोडवा पाहू :
१. याच वेगाने २५ मीटर जायला किती सेकंद लागतील?
२. भरलेला तांब्या पाण्यात हलका का लागतो? दोन वाक्यांत लिहा.
३. बसून खेळता येईल असा एक खेळ तयार करा व त्याचे नियम लिहून इथे लावा.