आधी कागद, मग बॅग

वरळी कोळीवाड्यातली मुलं आता परदेशी शिकायला निघतात. कुणी इंग्लंडला, कुणी जर्मनीला, कुणी कॅनडाला. आमच्या घरातून पहिली गेली ती माझी पुतणी. तिला इंग्लंडच्या विद्यापीठात एमएस्सीला प्रवेश मिळाला होता तो सप्टेंबरच्या सत्राचा, पण ती जाऊ शकली जानेवारीत. मधले महिने घर कसं धुमसत होतं ते मी पाहिलं आहे. मार्क चांगले होते, पैसाही गोळा झाला होता. अडलं ते तारखांपाशी आणि कागदांपाशी. दुसऱ्या कुठल्या घरावर ही वेळ येऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

इंग्लंडच्या विद्यार्थी व्हिसाचा नियम असा की पहिल्या वर्षाची भरायची राहिलेली फी आणि नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्या-जेवणाचा खर्च एवढी रक्कम मुलाच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात सलग २८ दिवस असली पाहिजे. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सप्टेंबरला पोचायचं तर हे दिवस बहुधा जून-जुलैत येतात, आणि १ जून ते ३१ जुलै आमची मासेमारी बंद! बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, कमाई नाही, आणि खर्च मात्र सगळा याच काळातला: इंजिनाची दुरुस्ती, फळ्या, रंग, जाळी.

माझ्या दादानं वहिनीचे दागिने गहाण ठेवून आणि भिशी उचलून रक्कम उभी केली होती. त्याच खात्यातून बोटीच्या कर्जाचा हप्ता आपोआप कापला गेला. त्यानं लगेच भरपाई केली, पण मोजणी मोडली ती मोडलीच. ज्या सल्लागाराला आम्ही फी दिली होती, त्यानं या खात्यातून काय काय कापलं जातं हे एकदाही विचारलं नव्हतं. वर त्यानंच तोडगा काढला: ‘पैसे मी दाखवतो, तुम्ही कमिशन द्या.’ वहिनीनं तिथल्या तिथं सुनावलं, “दुसऱ्याच्या पैशावर माझी पोर जायची नाय.” वहिनीनं पोरीला वाचवलं. व्हिसाच्या अर्जात फसवणूक सापडली तर इंग्लंडचं दार दहा वर्षं बंद होऊ शकतं. त्या दिवसापासून सगळे कागद मी आणि पुतणीनं हातात घेतले. त्यातून जे शिकलो ते असं.

पैशांसाठी वेगळं खातं उघडा. त्यातून हप्ता, विमा, वीजबिल काहीही कापलं जाता कामा नये. रक्कम मेअखेरपर्यंत, म्हणजे दर्या बंद व्हायच्या आधी जमा करा आणि ठरलेल्या आकड्यापेक्षा थोडी जास्त ठेवा, कारण पौंडाचा भाव रोज हलतो. २८ दिवस संपले की ३१ दिवसांच्या आत अर्ज गेला पाहिजे, हेही वहीत लिहून ठेवा. जर्मनीला जाणाऱ्यांना वर्षाचा खर्च आधीच गोठवलेल्या खात्यात भरावा लागतो आणि शैक्षणिक कागद तपासून मिळणारं ‘एपीएस’ प्रमाणपत्र काढावं लागतं. प्रत्येक देशाचा नियम निराळा असतो आणि आकडे दरवर्षी बदलतात, म्हणून त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच वाचा.

नावाचा घोळ आपल्याकडे घरोघरी आहे. जन्मदाखल्यावर ‘कोळी’, शाळेच्या दाखल्यावर ‘वरळीकर’, पासपोर्टवर तिसरंच. कित्येक जन्मदाखल्यांवर तर मुलाचं नावच नसतं, कारण बारशाआधी नोंद झाली आणि नंतर महापालिकेत कुणी गेलं नाही. पैसे आईवडिलांच्या खात्यातले दाखवायचे तर नातं सिद्ध करायला हाच जन्मदाखला लागतो. सोबत आईवडिलांचं संमतिपत्रही. आडनाव बदलायचं असेल तर राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते. हे सगळं पासपोर्ट काढण्याआधी उरका. मुंबई विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्टही वेळेवर मागा, ते हातोहात मिळत नाही. इंग्लंडला सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर क्षयरोगाची तपासणी तिथल्या सरकारनं नेमून दिलेल्या केंद्रातच करावी लागते. घराजवळच्या डॉक्टरांचा रिपोर्ट चालत नाही.

कर्जाचंही आधीच समजून घ्या. बँकांच्या नमुना योजनेत साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागतं. आपल्याकडे घर असतं, पण मालमत्ता पत्रकावर पणजोबांचं नाव आणि भावाभावांतली वाटणी तोंडी. अशा घरावर बँक कर्ज देत नाही. मुदत ठेव, विमा पॉलिसी किंवा नातेवाइकाचा स्वच्छ कागदांचा फ्लॅट यांपैकी काय तारण ठेवता येईल ते मूल शेवटच्या वर्षाला असतानाच बँकेत जाऊन विचारा.

शिष्यवृत्तीकडे तर आपण पाहतच नाही. मच्छीमार कोळी समाज महाराष्ट्रात विशेष मागास प्रवर्गात आहे, आणि इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी राज्य सरकारची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे. विद्यापीठाचं जागतिक मानांकन आणि घरचं उत्पन्न या अटी आहेत. त्याहून मोठी अडचण म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. त्याला महिनोन् महिने लागतात. बारावीतच अर्ज केला असेल तर पुढे धावपळ होत नाही.

इथं परळच्या एका विद्यार्थ्याची आठवण करून देते. बीआयटी चाळीत राहणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. तिथून लंडनला शिकायला आले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. परतताना वेगळ्या जहाजानं पाठवलेली पुस्तकं महायुद्धात समुद्राच्या तळाशी गेली. तरीही निघण्याआधी त्यांनी विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेऊन ठेवली होती. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, मित्रांकडून आणि शाहू महाराजांकडून मदत घेतली आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. अडचण त्यांनाही चुकली नाही, पण परतीचा रस्ता त्यांनी उघडा ठेवला. आमच्या पुतणीचंही तसंच झालं. व्हिसा वेळेत येणार नाही हे दिसताच तिनं स्वतः विद्यापीठाला ईमेल करून प्रवेश जानेवारीच्या सत्रात नेण्याची लेखी परवानगी मागितली. ती मिळाली म्हणून भरलेली फी वाचली.

सल्लागार जरूर करा, पण अर्जाचं खातं, ईमेल आणि पासवर्ड मुलाच्याच हातात ठेवा. फी थेट विद्यापीठाच्या खात्यात भरा आणि प्रवेशपत्र खरं आहे का ते विद्यापीठाला स्वतः विचारा. २०२३ मध्ये कॅनडात कित्येक भारतीय विद्यार्थ्यांवर देश सोडण्याची वेळ आली, कारण एजंटानं दिलेली प्रवेशपत्रं बनावट होती. तिथं पोचून, शिकून झाल्यावर त्यांना हे कळलं.

बॅग मात्र शेवटी भरा. सुके बोंबील, जवळा न्यायला हरकत नाही: इंग्लंडमध्ये आणि युरोपीय संघात स्वतःसाठी २० किलोपर्यंत मासळी नेता येते. मांस, तूप, पेढे, बर्फी चालत नाहीत. मसाला आणि सुकी मासळी हवाबंद पाकिटात घ्या. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यानं खाण्याची प्रत्येक वस्तू उतरतानाच जाहीर करावी. मूळ प्रमाणपत्रं, औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत. पोचल्यावर भारत सरकारच्या ‘मदद’ पोर्टलवर नाव नोंदवा, म्हणजे अडीअडचणीला दूतावासाला तुम्ही कुठे आहात ते ठाऊक असतं.

कोळीवाड्यातल्या प्रत्येक आईबापाला माझी एकच विनंती आहे. मूल दहावी-बारावीत असेल तर आजच कपाट उघडा. जन्मदाखला, शाळेचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र आणि आधार शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. फरक दिसला तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. मुलांनी अभ्यास करून मिळवलेली जागा घरातल्या कागदापायी जाता कामा नये.